धुराला पाणी

भिवराबाईंच्या कुरडयांवर काळे ठिपके पडले तो दिवस मंगळवार होता, आणि त्याच दिवशी त्रिंबकराव चौसाळकरांचा पर्यावरणाशी पहिल्यांदा संबंध आला. त्याआधी एकतीस वर्षं त्यांचा संबंध पाटबंधारे खात्याशी होता. बीड जिल्ह्यात राहून पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त व्हायचं आणि त्या सगळ्या काळात एकदाही पायजम्याची किनार भिजू द्यायची नाही, ही काही साधी गोष्ट नाही. त्रिंबकरावांना त्याचा अभिमान होता. कागद मात्र त्यांनी कधी कोरडा सोडला नाही. त्यावर शाई असायचीच.

ढाकेवाडी फाट्यावरच्या ‘जलसमृद्धी कर्मचारी सहकारी गृहनिर्माण संस्थे’चे ते सचिव. संस्था म्हणजे चोवीस घरं, एक बोअर, गणपतीचं एक पत्र्याचं शेड आणि एक डिझेलचं इंजिन. संस्थेचं नाव ठेवलं त्या साली पाऊस बरा झाला होता. पुढं तीन सालं त्यानं या बाजूला तोंड दाखवलं नाही, पण नाव बदलायचं तर उपविधीत दुरुस्ती करावी लागते, म्हणून ते तसंच राहिलं. वीज दिवसातून आठ तास जायची आणि नेमकी पाणी भरायच्या वेळी जायची. त्यावर उपाय म्हणून चेअरमन सर्जेरावांनी एका बंद पडलेल्या सहकारी जिनिंगमधलं जुनं जनरेटरचं इंजिन कॉलनीत आणून बसवलं होतं. त्या जिनिंगचे शेवटचे चेअरमनही सर्जेरावच होते. एका संस्थेतली वस्तू दुसऱ्या संस्थेत गेली की तिला सहकार म्हणतात, अशी त्यांची सरळ समजूत होती.

रोज सकाळी हे इंजिन चाळीस मिनिटं चालायचं. तेवढ्यात बोअर हजारभर लिटर पाणी द्यायचं आणि इंजिन त्याच्या दुप्पट धूर द्यायचं.

तर त्या मंगळवारी भिवराबाई सूप घेऊन त्रिंबकरावांच्या ओसरीवर आल्या. या बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं शंभर शंभर पोरांना एका आवाजात गप्प बसवलेलं, त्यामुळं एकट्या सचिवासाठी त्यांना आवाज वाढवावा लागला नाही.

“सचिव, हे काय हाय?”

“कुरडया,” त्रिंबकराव म्हणाले.

“आन् हे?” त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

त्रिंबकरावांनी चष्मा वर केला, खाली केला. “जिरे असावेत.”

“जिरे! तीन दिस गहू भिजवला मी, उसनं पाणी आणून. त्यात तुमच्या इंजनानं जिरं घातलं व्हय? लेकीच्या सासरी काय म्हणून पाठवू? कॉलनीचा धूर हाय, तळून खा म्हणू?”

धुराच्या आरोपापेक्षा त्रिंबकरावांना एक गोष्ट जास्त लागली. आजवर सगळी कॉलनी त्यांना ‘चौसाळकर साहेब’ म्हणत होती, आणि या बाई नुसतं ‘सचिव’ म्हणाल्या. त्यांनी ताठ बसून सांगितलं, “तक्रार असेल तर लेखी द्या.”

हे वाक्य त्यांनी नोकरीत हजारदा वापरलं होतं आणि हजार वेळा समोरचा माणूस निघून गेला होता. पण अंगणवाडीची बाई तीस वर्षं काय करते, तर फॉर्म भरते. भिवराबाईंनी घरी जाऊन दोन पानी अर्ज लिहिला, त्याला एक कुरडई प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जोडली आणि थेट जिल्ह्याच्या प्रदूषण कार्यालयाला धाडला.

बोअर खोल करायची परवानगी मागून संस्थेला दोन वर्षं झाली होती. त्याला अजून पोच नव्हती. या अर्जाला अकराव्या दिवशी उत्तर आलं. कुरडई जोडल्याचा परिणाम असावा. ‘तीस दिवसांच्या आत सदर इंजिनास योग्य ती उत्सर्जन नियंत्रण प्रणाली बसविण्यात यावी, अन्यथा इंजिन सीलबंद करण्यात येईल.’

इंजिन सील म्हणजे पाणी बंद, हे कळायला कोणाला वेळ लागला नाही. सगळ्या कॉलनीनं भिवराबाईंकडं पाहिलं.

“मी धूर बंद करा म्हणलं,” त्या म्हणाल्या, “पाणी बंद करा कुठं म्हणलं?”

त्रिंबकरावांना मात्र ती नोटीस वाचून आतून बरं वाटलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या नावानं जावक क्रमांक असलेला कागद आला होता. त्यांनी नवी फाईल काढली, तिला लाल नाडा बांधला आणि जिल्ह्याला फोन लावला.

“नोटिशीत ‘योग्य ती’ प्रणाली म्हटलंय. कोणती योग्य?”

“योग्य असेल ती,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“पण ते ठरवायचं कोणी?”

“तुम्ही. अयोग्य निघाली तर आम्ही कळवू.”

त्रिंबकरावांनी फोन ठेवला. उत्तर त्यांना आवडलं. त्यांच्या काळात तेही असंच बोलायचे.

पुढचे आठ दिवस कॉलनीत धुरावर बोलणार नाही असा माणूस उरला नाही. निवृत्त गणित शिक्षकांनी सुचवलं, धुराड्याचा पाइप साठ फूट उंच करावा, म्हणजे धूर कॉलनीवर न पडता ढाकेवाडी गावावर पडेल. गावाचा आणि कॉलनीचा पोस्टाचा पिन कोड वेगळा आहे, हे त्यांचं कारण. कॉलनीतले कंपाउंडर म्हणाले, इंजिनाच्या तोंडाला ओली गोणी बांधा. बांधली. इंजिन गुदमरून बंद पडलं, गोणीला भोक पडलं आणि त्यातून आलेला काजळीचा गोळा कंपाउंडरांच्याच धुतलेल्या चादरीवर बसला. त्यानंतर त्यांनी सल्ला देणं थांबवलं, आणि बोलणंही थांबवलं.

शेवटी फाट्यावरच्या शहादेव मेकॅनिकला बोलावलं. हा चार वर्षं चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होता. त्यानं इंजिनाभोवती एक फेरी मारली, धुराड्याच्या काजळीत बोट घातलं, वास घेतला आणि ते पँटीला पुसलं.

“साहेब, तीन परकार हायत. एक डबा येतो, आत बारीक जाळी, तिला महागाचा धातू लावलेला. धूर कडक तापला की त्या जाळीत धुरातलं इख मरतं. पण धूर तापाया पायजे. तुमचं इंजन तापू तापू म्हणतंय तवर बोअर आटतं.”

त्रिंबकरावांनी लिहून घेतलं. “दुसरा?”

“दुसरी गाळणी. काजळी धरून ठिवती. चहाच्या गाळणीवानीच, पण ही भरली की झटकता येत न्हाई, जाळावी लागती. त्यासाठी इंजन दोन तास फुल लोडवर पळवायचं.”

“पळवू की.”

“लोड कशाचा देता? पानी न्हाई आन् पंप पळवला तर काजळी ऱ्हाईल बाजूला, मोटर जळंल.”

“तिसरा?”

“तिसरा पान्याचा. धूर पान्यातून काढायचा, हुक्क्यावानी. काजळी पान्यात बसती, वर पांढरी वाफ जाती. बिनतक्रार काम.” शहादेवानं बोअरकडं पाहिलं. “माझं इचाराल तर—”

पण त्रिंबकरावांनी त्याला विचारलं नाही. त्याच्या हाताला ऑइल होतं आणि त्याच्याकडं लेटरहेड नव्हतं. त्याला चहा पाजून त्यांनी रवाना केलं आणि नियमाप्रमाणे सीलबंद दरपत्रकं मागवली.

सर्वसाधारण सभा गणपतीच्या शेडमध्ये भरली. पुण्याहून पाण्याच्या यंत्राचा एक विक्रेता आला होता. टाय लावलेला, आणि त्या उन्हातही सैल न केलेला. त्यानं काचेच्या बरणीत पाणी घेतलं, उदबत्ती पेटवली, नळीनं धूर पाण्यात सोडला आणि वर फडकं धरलं. फडकं पांढरंच राहिलं. कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, “जर्मन तंत्रज्ञान आहे. हे समजायला चौसाळकर साहेबांसारखा टेक्निकल माणूस लागतो.”

एकतीस वर्षांत त्रिंबकरावांना कोणी टेक्निकल म्हटलं नव्हतं.

दाराशी उभा असलेला शहादेव म्हणाला, “त्याला रोजचं पानी किती लागतं ते इचारा की.”

“तुम्ही सभासद आहात का?” त्रिंबकरावांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग प्रश्न कामकाजात घेता येणार नाही.”

सर्जेरावांनी उभं राहून समारोप केला. “हे बगा, पान्याशिवाय सहकार न्हाई. दूध संघ घ्या, साखर कारखाना घ्या, कशातबी पानी लागतंच.” हे त्यांच्याइतक्या अधिकारानं जिल्ह्यात दुसरं कोणी सांगू शकलं नसतं. हात वर झाले. त्रिंबकरावांचा सगळ्यांत आधी.

यंत्र आलं. राखाडी रंगाचं, माणसापेक्षा उंच, पोटाशी गोल काच आणि खाली तोटी. सर्जेरावांच्या हस्ते नारळ फुटला. इंजिन चालू झालं, पाण्यात गुडगुड झाली आणि धुराड्यातून पांढरीशुभ्र वाफ निघाली. भिवराबाईंनी पापड लाटून खाटेवर वाळत घातले आणि त्यातला पहिला पापड सचिवांच्या घरी पाठवला. निरोपात ‘चौसाळकर साहेबांना’ असं होतं. तो दिवस त्रिंबकरावांच्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या दिवसांत धरायला हवा, कारण पुढचा तसा नव्हता.

यंत्र रोज दोनशे लिटर पाणी पीत होतं.

म्हणजे बोअरनं दिलेल्या हजार लिटरांतलं दोनशे धुराला. पाचवी घागर यंत्राची. कॉलनीतल्या बायका नळाशी मोजायच्या, “एक, दोन, तीन, चार, आन् ही त्याची.” आठवड्यानं काचेतून काही दिसेनासं झालं. आत पांढरे थर बसले होते. सहाशे फुटांवरचं पाणी. त्यात क्षार इतके की घराघरांतल्या बादल्यांना खालून प्लास्टर झालेलं. विक्रेत्याला फोन केला.

“सर, तुम्ही बोअरचं पाणी वापरताय?” तो दचकून म्हणाला. “माहितीपुस्तिकेत पान चौदावर स्पष्ट लिहिलंय, मऊ पाणीच वापरा. नाहीतर वॉरंटी जाते.”

मग फाट्यावरून शुद्ध पाण्याचे थंडगार जार यंत्रासाठी येऊ लागले. सभासद बोअरचं मचूळ पाणी पीत आणि यंत्र जारचं. त्रिंबकराव स्वतः उभं राहून ते यंत्रात ओतत, एक थेंब सांडू न देता. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई एक दिवस ओट्यावरून बराच वेळ हे बघत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पस्तीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी जारचं पाणी पाजलं नाहीत.”

“तुला धूर येत नाही,” त्रिंबकराव म्हणाले. त्या दिवशी जेवणात नुसतं पिठलं होतं.

जारवाला रोज दहा जार द्यायला कंटाळला तेव्हा त्रिंबकरावांनी तहसील कचेरीत टँकरसाठी अर्ज केला. टेबलामागच्या कारकुनानं छापील फॉर्म पुढं सरकवला. “माणसं का जनावरं?”

“यंत्र आहे.”

कारकुनानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मनापासून शोधलं बिचाऱ्यानं. “दोनच रकाने हायत, काका. माणसांचं म्हणाल तर तुमच्या कॉलनीपुढं ‘उद्भव चालू’ लिवलंय, म्हंजी बोअर हाय तुम्हाला. माणसांना मिळायचं न्हाई.”

त्रिंबकराव घाम पुसत परत आले. मुदतीचे आठ दिवस उरले होते. सर्जेराव शेडमध्ये पान जमवत बसले होते. त्यांच्या दूध संघात दूध नव्हतं, पण त्या संघातर्फे कॉलनीमागच्या माळावर चारा छावणी चालू होती. तिथं रोज टँकर यायचा.

“येवढंच व्हय?” सर्जेराव म्हणाले. “म्हशीला रोजी चाळीस लिटर पानी. तुमचं यंत्र पाच म्हशी धरा.”

“यंत्र म्हशी कसं धरायचं?”

“आवो, छावणीत काय काय म्हशी म्हणून धरलंय ते तुमाला दाखवलं तर तुमचं यंत्र तुमाला लई सोज्ज्वळ जनावर वाटंल.”

त्रिंबकराव ताडकन उठले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक खोटं अक्षर गेलेलं नव्हतं. उशिरा गेलं असेल, गेलंच नसेल असंही झालं असेल; पण खोटं नाही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. सर्जेरावांनी शांतपणे विचारलं, “मग आठ दिवसांनी सील लागल्यावर चोवीस घरांना तुमचा खरेपना पाजायचा का?”

त्रिंबकराव बसले.

निदान छावणीचा फॉर्म तरी आपण खरा भरू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वर ‘म्हैस, नग पाच’ हे सर्जेरावांनी आपल्या हातानं लिहिलं. खालचे रकाने त्रिंबकरावांनी भरले. रंग : राखाडी. शिंगे : नाहीत. वजन : एकत्रित चारशे किलो. विशेष खूण : पोटावर काच. स्वभाव : शांत, परंतु चालू असता गुडगुड आवाज करते. फॉर्म दुसऱ्या दिवशी मंजूर होऊन आला. सोबत कानात मारायचे पाच पिवळे बिल्ले होते. यंत्राला कान नव्हते, म्हणून शहादेवानं ते तारेनं तोटीच्या वर ओळीत लटकवले. काम करताना त्याचे खांदे हलत होते. त्रिंबकरावांना ते दिसलं.

टँकर येऊ लागला. छावणीच्या पाण्याला क्षार नव्हते. यंत्र खूश होतं. तपासणीचा दिवस उजाडला.

त्या सकाळी इंजिन साडेसहाला सुरू झालं. नळाला आधी पाणी आलं, मग गढूळ पाणी, मग चिखल, मग नुसती हवा. शहादेवानं धावत येऊन इंजिन बंद केलं, बोअरला कान लावला आणि उठून हात झटकले.

“गेलं, साहेब.”

“काय गेलं?”

“बोअर. खाली काईच न्हाई.”

बायका रिकाम्या घागरी घेऊन तशाच उभ्या होत्या. कोणी भांडलं नाही. त्रिंबकरावांना वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

अकरा वाजता जिल्ह्याहून तपासणी अधिकारी आले. तरुण, नीटनेटके, हातात धूर मोजायचं यंत्र. त्यांना पुढं तीन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी धुराड्यात नळी घातली आणि आकडा पाहिला.

“शून्य. वा!”

“साहेब, इंजिन बंद आहे,” त्रिंबकराव म्हणाले.

“प्रणाली बसवलीय?”

“हो. पण बोअर आटलंय. सकाळीच. आता इंजिन चालणारच नाही.”

अधिकाऱ्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. “इंजिन चालू होते काय, असा रकाना यात नाही. प्रणाली बसवली, होय. धूर, शून्य. काका, जिल्ह्यात शून्य कोणाचाच नाही. तुमचं अभिनंदन करायला पाहिजे.” मग त्यांचं लक्ष पिवळ्या बिल्ल्यांकडं गेलं. “हे काय?”

त्रिंबकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “त्या... पाणी पितात,” ते म्हणाले.

“जनावरांचा विभाग माझ्याकडे नाही,” असं म्हणून अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रावर शिक्का मारला आणि ते जीपमध्ये बसले.

ते प्रमाणपत्र घेऊन त्रिंबकराव त्याच दुपारी कचेरीत गेले. बोअर आटलं, आता माणसांसाठी टँकर द्या, असा अर्ज केला. नको ते कागदही जोडायची त्यांची जुनी सवय. त्यांनी प्रमाणपत्रही जोडलं. कारकुनानं ते वाचलं.

“काका, हितं तर लिवलंय, इंजिन आन् प्रणाली उत्तम स्थितीत. आजचीच तारीख हाय. इंजिन उत्तम म्हणल्यावर पानी न्हाई म्हणून कसं लिवू? आता भूजलवाले येऊन बोअर बघतील, मग.”

“कधी येतील?”

कारकुनानं पंख्याकडं पाहिलं. “पावसाळ्यानंतर.”

माणसांचा टँकर आला नाही. म्हशींचा मात्र दुसऱ्या दिवशी बरोब्बर आला. पाच म्हशींचं दोनशे लिटर पाणी यंत्राच्या पोटात ओतून टँकरवाला निघून गेला. शहादेवानं ते पोट आधीच रिकामं करून, घासून, सोडा लावून धुऊन ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. आता इंजिन बंद होतं, धूर नव्हता, आणि काचेतून पाणी स्वच्छ दिसत होतं. तोटीखाली चोवीस घरांची रांग लागली. घराला आठ लिटर, वर सांडलं तर ते गणपतीच्या जास्वंदीला. अशा रीतीनं ‘जलसमृद्धी’चे सभासद त्या उन्हाळ्यात पाच म्हशींच्या उष्ट्यावर जगू लागले, आणि या म्हशींना पाणी पिण्याची अजिबात सवय नव्हती ही त्यातल्या त्यात देवाची दया.

चौथ्या दिवशी भिवराबाईंची पाळी आली. त्यांनी कळशी लावली, ती पाऊण भरली आणि तोटी ठिबकायला लागली. मागं अजून दोन घरं होती. बाईंनी मागं पाहिलं, आपल्या कळशीतलं थोडं त्या दोघींच्या भांड्यांत ओतलं आणि खुर्ची टाकून यादीवर खुणा करत बसलेल्या त्रिंबकरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ह्या म्हशी गाभण कवा व्हायच्या?”

रांगेतले लोक हसले. शहादेव तर यंत्राला धरून हसला. त्रिंबकराव हसले नाहीत. त्यांनी खुर्ची घडी केली, ती बगलेत मारली आणि घरात गेले.

दुपारभर ते टेबलाशी बसून होते. वत्सलाबाईंनी दोनदा डोकावून पाहिलं. एकदा त्यांच्यासमोर कोरा कागद होता, दुसऱ्यांदाही तोच कोरा कागद होता. आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्यांदा त्या चहा घेऊन आल्या तेव्हा अर्धं पान भरलं होतं. ठसठशीत, वळणदार, हेडक्लार्कचं अक्षर :

‘उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, संस्थेच्या मालकीच्या पाचही म्हशी काल रोजी सुखरूप व्याल्या असून, प्रत्येकीस जुळे झालेले आहे. तरी वाढीव पाणी मंजूर व्हावे.’

वत्सलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पूर्ण वाचलं. कप टेबलावर ठेवला. बाहेर ओट्यावर त्यांची आठ लिटरची बादली होती. तिच्याकडं एकदा पाहिलं.

“तिळं लिहा,” त्या म्हणाल्या.

त्रिंबकरावांनी पेन उचललं, ‘जुळे’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘तिळे’ लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी, नियमाप्रमाणे, छोटी सही केली.